नोंद कोणासाठी?

सरकारी रुग्णालयात पहिली रांग डॉक्टरांची नसते, केसपेपरची असते. खिडकीतून नाव, वय, गाव विचारलं जातं, शिक्का बसतो आणि तो कागद हातात पडला की माणूस ‘पेशंट’ होतो. पुढे त्याच कागदावर डॉक्टरांचं अक्षर चढतं, प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या टाचल्या जातात, दुखणं मोठं निघालं तर त्याची फाईल होते आणि डिस्चार्जनंतर ती रेकॉर्ड रूममधल्या मांडणीवर जाऊन बसते. आरोग्यसेवेतलं माहिती तंत्रज्ञान या नावाखाली आज जे काही बोललं जातं, म्हणजे सर्व्हर, क्लाउड, ॲप, चौदा आकडी क्रमांक, कोड, ते सगळं या कागदाचंच पुढचं रूप आहे. हे ध्यानात न घेता संज्ञा पाठ करणाऱ्याला परीक्षेत गुण मिळतील. रुग्णालय मात्र त्याला कळणार नाही.

या पुस्तकात अशा संज्ञांची ओळख करून दिली आहे. त्या वर्णानुक्रमाने लावलेल्या नाहीत, हे मला आवडलं. रुग्णाची माहिती ज्या वाटेनं जाते, म्हणजे खिडकी, ओपीडी, प्रयोगशाळा, वॉर्ड, औषधांचा काउंटर, बिल, विमा, जिल्ह्याचं कार्यालय, त्या वाटेनं संज्ञा येत जातात. वाचकांत रुग्णालय व्यवस्थापनाचे विद्यार्थी असतील, एमआरडीतले, म्हणजे वैद्यकीय नोंदी विभागातले, कर्मचारी असतील, ‘आता सगळं संगणकावर’ हा हुकूम ऐकून वैतागलेल्या सिस्टर असतील, आणि रुग्णालयात पाऊल न टाकता रुग्णालयाचं सॉफ्टवेअर लिहिणारे तरुणही असतील. या साऱ्यांना मी एकच सुचवेन. कुठलीही संज्ञा समोर आली की तीन गोष्टी विचाराव्यात : ही नोंद कोण करतं, कोणत्या शब्दांत करतं, आणि ती वाचतं कोण? बऱ्याच प्रणाली कोलमडतात त्या तंत्रामुळे नव्हे. लिहिणाऱ्याला त्या लिहिण्यातून काहीच परत मिळत नाही, म्हणून त्या कोलमडतात.

सुरुवात एका घोळापासून करू. महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या बैठकीत कुणी ‘एचएमआयएस’ म्हणालं, की दोन माणसांच्या डोक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. रुग्णालयातल्या माणसाला ते रुग्णालयाचं सॉफ्टवेअर वाटतं, ज्यात नोंदणी, खाटा, औषधसाठा, बिलं असतात. जिल्हा कार्यालयातल्या माणसाला मात्र तेच शब्द ऐकून केंद्र सरकारचं २००८ पासूनचं पोर्टल आठवतं, ज्यावर दर महिन्याला आकडे भरायचे असतात : किती प्रसूती, किती लसी, किती कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया. पहिल्यात एकेका रुग्णाची कहाणी असते, दुसऱ्यात रुग्ण नसतोच, फक्त बेरीज असते. अक्षरं तीच, पण एकात उपचाराची सोय आहे आणि दुसऱ्यात कारभाराची. दोन्ही हव्यात. पण पहिल्यासाठी मंजूर झालेल्या वेळेत आणि माणसांत दुसऱ्याचं काम करून घेतलं जातं, तेव्हा सिस्टरच्या टेबलावर रजिस्टरांची चळत वाढते, आणि वर पुन्हा तेच ॲपमध्ये भरावं लागतं. गावपातळीवर आशाताई आणि एएनएम यांची गत याहून वेगळी नाही.

ईएमआर, ईएचआर आणि पीएचआर हे त्रिकूट असंच गोंधळात टाकतं. एका दवाखान्यातली किंवा एका रुग्णालयातली संगणकीय फाईल म्हणजे ईएमआर. तीच नोंद दवाखान्याच्या भिंती ओलांडून दुसऱ्या डॉक्टरापर्यंत, दुसऱ्या गावापर्यंत जाऊ शकली, की तिला ईएचआर म्हणायचं. आणि जी रुग्णाच्या ताब्यात असते, तो स्वतः उघडतो, स्वतः दाखवतो, ती पीएचआर. विक्रेते पहिलीलाच दुसरीचं नाव देऊन विकतात, एवढं या तिघांबद्दल पुरे.

नोंदीत काय लिहावं, यावर वैद्यकात बराच विचार झालेला आहे, आणि तो संगणकाच्या आधीचा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतो, पण १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेसमोर त्यांनी मांडलेला आग्रह वेगळाच होता. सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी, नाहीतर कुठल्या रुग्णालयात माणसं जास्त मरतात आणि का, हे कधीच कळणार नाही. शंभरेक वर्षांनी, १९६८ मध्ये, लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी केसपेपरवरच्या गबाळ्या लिखाणावर नेम धरला. त्यांचं म्हणणं असं की नोंद रुग्णाच्या प्रश्नांभोवती बांधा : रुग्ण काय सांगतो, तुम्हाला काय आढळलं, त्यावरून तुमचा निष्कर्ष काय, आणि पुढे काय करणार. वैद्यकीय महाविद्यालयात ‘सोप नोट’ म्हणून हेच आजही शिकवतात. वीड यांना नोंद म्हणजे विचार करण्याची शिस्त वाटत होती. आजच्या अनेक ईएमआरमध्ये कालची नोंद उचलून आज चिकटवण्याची सोय असते, त्यामुळे पाचव्या दिवशीही रुग्णाला पहिल्या दिवसाचाच ताप चढलेला दिसतो. शिस्तीसाठी घडवलेल्या साच्याचं हे असं झालं.

आता शब्दांकडे. या पुस्तकातला सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, भाग कोडिंगचा आहे. रुग्ण दारात येऊन म्हणतो, ‘अंगात कणकण आहे, तोंडाला चव नाही, डोकं जड झालंय.’ डॉक्टर लिहितात ‘फीव्हर, मलेझ, दोन दिवस’. संगणकाला यांतलं काहीही मोजता येत नाही. त्याला एक ठरलेला संकेत लागतो. त्यासाठी दोन मोठ्या यंत्रणा आहेत आणि त्या दोन वेगळ्या कामांसाठी आहेत.

पहिली आयसीडी, रोगांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. तिचं मूळ १८९३ च्या एका यादीत आहे. पॅरिसच्या झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची ती यादी केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, सहाव्या आवृत्तीपासून, तिची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेनं घेतली. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली, अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आयसीडीचा जन्म मरण मोजण्यासाठी झाला, ही गोष्ट विसरू नये. तिचा स्वभाव वर्गीकरणाचा आहे : प्रत्येक रुग्णाला एका खणात टाका, कुठलाही रुग्ण दोन खणांत नको आणि एकही खणाबाहेर नको. जिल्ह्यात सर्पदंशाचे किती, विंचूदंशाचे किती, हे तिच्यातून निघतं.

दुसरी स्नोमेड सीटी. हिचं काम मोजण्याचं नाही, सांगण्याचं आहे. डॉक्टरला जे म्हणायचं आहे ते जितकं बारीक आहे तितकं बारीक नोंदता यावं, यासाठी ती लाखो संकल्पना एकमेकींशी जोडून ठेवते. ब्रिटनमधल्या जेम्स रीड या साध्या जनरल प्रॅक्टिशनरनं १९८० च्या दशकात आपल्या दवाखान्यासाठी संकेत बनवले. पुढे ते ब्रिटिश आरोग्यसेवेनं घेतले, आणि २००२ मध्ये अमेरिकन स्नोमेडशी त्यांचा मिलाफ होऊन आजची स्नोमेड सीटी झाली. भारत २०१४ पासून तिचा सदस्य आहे आणि भारतासाठी तिचं वितरण पुण्याच्या सी-डॅकमधून होतं. ईएचआर मानकांसाठीचं राष्ट्रीय संसाधन केंद्रही तिथंच आहे. सुपर कॉम्प्युटरमुळे सी-डॅक ठाऊक असलेल्या पुणेकरांना बहुधा हे ठाऊक नसतं.

रुग्णाचं ‘कणकण’ यांपैकी कुठल्याच खणात नेमकं बसत नाही. ताप म्हणावा तर थर्मामीटरवर दिसत नाही. निव्वळ थकवा म्हणावा तर ‘आज कणकण, उद्या ताप’ हे आपल्या आज्ज्यांना ठाऊक असतं. डॉक्टर मनातल्या मनात जवळचा संकेत निवडतात आणि पुढे जातात. मराठी, कोकणी, अहिराणी, गोंडी बोलणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत ही निवड दिवसातून शेकडो वेळा होते आणि कुठेही नोंदली जात नाही. आता रुग्ण-डॉक्टरांचं बोलणं ऐकून आपोआप टिपण करणारी साधनं आली आहेत, तेव्हा ही निवड यंत्र करू लागेल. ती कशी होते ते तपासायला रुग्णाचे मूळ शब्द जपून ठेवण्याची सोय प्रत्येक प्रणालीत असावी, असं मला वाटतं. या पुस्तकात त्यासाठी संज्ञा नाही. कुठल्याच पुस्तकात मला ती आढळली नाही.

आयुर्वेदाच्या संज्ञांसाठी मात्र संकेतांची सोय झाली आहे. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत पारंपरिक वैद्यकासाठी प्रकरण आहे. त्यातला आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांचा भाग जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत प्रसिद्ध झाला. वैद्यांनी लिहिलेलं ‘आमवात’ आता केवळ ‘इतर’ या रकान्यात जाणार नाही.

मृत्यूच्या कारणाचा दाखला हा कोडिंगचा सर्वांत जुना, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित, उपयोग. नियमानुसार त्यावर मूळ कारण लिहायचं असतं : ज्यातून सगळी साखळी सुरू झाली तो आजार. पण दाखल्यावर हमखास आढळतं ते ‘हृदयक्रिया बंद पडून’ मृत्यू. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मरतं? मधुमेहानं मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस आणि ट्रकखाली आलेला माणूस दोघंही असे एकाच रकान्यात जातात. मूळ कारण न सांगणाऱ्या अशा संकेतांना संख्याशास्त्रज्ञ कचरा-संकेत म्हणतात. शब्द कठोर आहे, पण योग्य आहे. त्यात भर म्हणजे २०२० च्या अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं.

या संदर्भात गडचिरोलीचं उदाहरण द्यायलाच हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्यांनी आधी काय केलं असेल, तर मोजलं. गावोगावी जन्म आणि मृत्यू घरात जाऊन नोंदले. सरकारी दप्तरातले बालमृत्यू आणि गावात घडलेले बालमृत्यू यांतली तफावत त्यातून उघडी पडली, आणि ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं ती महाराष्ट्रासमोर मांडली. दप्तरात मुलांच्या मृत्यूंची संख्या कमी होती, कारण कमी लिहिली गेली होती. पुढे गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी, ‘आरोग्यदूतां’नी, घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटलं, हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. आरोग्यदूत बाळाचं वजन, श्वास, तापमान कागदावर लिहीत, आणि तोच कागद वाचून बाळावर उपचार करायचे की नाही हे ठरवत. जी लिहीत होती, तीच वाचत होती. ‘डेटा क्वालिटी’ या संज्ञेखाली पुस्तकात जे अचूकता, पूर्णता, वेळेवरपणा वगैरे निकष दिले आहेत, ते सगळे या एका गोष्टीतून आपोआप पाळले जातात.

प्रयोगशाळेच्या संज्ञांवर फार रेंगाळत नाही, पण एक गंमत सांगतो. रक्तातली साखर एक लॅब ‘बीएसएल फास्टिंग’ म्हणून लिहिते, दुसरी ‘एफबीएस’, तिसरी ‘ग्लुकोज एफ’. माणसाला कळतं, संगणकाला या तीन वेगळ्या चाचण्या वाटतात आणि तो तिन्हींचा आलेख जोडत नाही. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रिफ संस्थेनं १९९४ पासून यासाठी लॉइंक हे संकेत चालवले आहेत : चाचणी कुठली, कशावर, केव्हा, कोणत्या प्रकारच्या एककात. एककाचं महत्त्व लंडनला मुलाकडे राहून आलेल्या आईवडिलांना विचारावं. तिकडच्या अहवालात उपाशीपोटी साखर ‘७’ लिहिलेली असते, आणि इथल्या शेजाऱ्यांना ती जीवघेणी कमी वाटते. ती असते १२६, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

चित्रांची गोष्ट त्यामानानं सुखाची आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआय यांच्यासाठी यंत्रनिर्मात्यांनी आणि रेडिओलॉजिस्टांनी १९८० च्या दशकातच एकत्र बसून मानक ठरवलं. १९९३ पासून त्याला डायकॉम म्हणतात. म्हणून कुठल्याही कंपनीच्या यंत्राची प्रतिमा कुठल्याही पॅक्सवर, म्हणजे प्रतिमा साठवणाऱ्या प्रणालीवर, उघडते. (रुग्णाला मिळालेली सीडी डॉक्टरांच्या संगणकात उघडत नाही, कारण आता संगणकात सीडीची फटच नसते. तो दोष डायकॉमचा नव्हे.) बाकीच्या नोंदींच्या बाबतीत हे शहाणपण यायला फार वेळ लागला. एचएल-सेव्हन ही संस्था १९८७ पासून प्रणालींनी एकमेकींशी कसं बोलावं हे ठरवते आहे, पण तिची आधीची मानकं इतकी सैल नाहीतर इतकी किचकट होती की प्रत्येक रुग्णालयानं आपापली बोली केली. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी वेब जसं चालतं तसं हे चालवा, अशी मांडणी केली. तिचंच पुढे ‘फायर’ हे मानक झालं. भारताच्या डिजिटल आरोग्य व्यवस्थेत डिस्चार्ज समरी, प्रिस्क्रिप्शन, तपासणीचा अहवाल कोणत्या साच्यात पाठवायचा, हे याच मानकावर बेतलेलं आहे, आणि ते साचेही पुण्यातच तयार होतात.

आता मी एक घटना जरा सविस्तर सांगणार आहे, कारण या पुस्तकातल्या निदान पाच संज्ञा तिच्यात एकत्र भेटतात. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी ती २०१५ च्या आपल्या पुस्तकात उघडपणे मांडली आहे. सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा तपासणीसाठी दाखल झाला. संसर्ग टाळण्यासाठी तो घरी रोज सेप्ट्रा या प्रतिजैविकाची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी घेत असे. तेच औषध वॉर्डात चालू ठेवायचं होतं. तरुण डॉक्टरनं संगणकावर ऑर्डर लिहिली. याला सीपीओई म्हणतात. वजन ३८.६ किलो, म्हणून प्रणालीनं किलोमागे डोस मोजला आणि तो १९३ मिलिग्रॅम निघाला. गोळी मिळते १६० ची. फार्मासिस्टनं निरोप पाठवला : १६० करून पुन्हा लिहा. डॉक्टरनं १६० लिहिलं. पण पडद्यावर एकक होतं ‘किलोमागे मिलिग्रॅम’. झाली साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर.

पडद्यावर इशारा आला. डॉक्टरनं तो बंद केला, कारण दिवसभर असे डझनावारी इशारे येतात आणि बहुतेक निरर्थक असतात. याला अलर्ट फटीग म्हणतात. फार्मासिस्टलाही इशारा आला, त्यानंही बंद केला. औषधं भरणाऱ्या रोबोनं एकही चूक न करता साडेअडतीस गोळ्या मोजून पाकिटात घातल्या. नर्सला आकडा विचित्र वाटला. पण तिनं बारकोड स्कॅन केला, आणि यंत्र म्हणालं, हीच ऑर्डर आहे, हाच रुग्ण आहे, हीच मात्रा आहे. तिनं गोळ्या दिल्या. मुलाला झटके आले. सुदैवानं तो वाचला.

या साखळीतल्या प्रत्येक यंत्रानं आपलं काम चोख केलं. बारकोड खोटं बोलला नाही. नोंदीत जे होतं तेच रुग्णाला दिलं जात आहे, एवढीच खात्री तो देत होता. साध्या वॉर्डात सिस्टर ‘डॉक्टर, एवढ्या गोळ्या?’ असं विचारतात, त्या प्रश्नाची जागा एका हिरव्या खुणेनं घेतली. हे वाचून संगणक नको म्हणणाऱ्यांत मी नाही. हाताच्या अक्षरातल्या प्रिस्क्रिप्शननं किती माणसं दगावली, त्याचा हिशेबही कुणी ठेवलेला नाही. पण ‘क्लिनिकल डिसिजन सपोर्ट’ या भारदस्त संज्ञेखालचं प्रकरण वाचताना ही साडेअडतीस गोळ्यांची गोष्ट जवळ असू द्यावी.

व्यवस्थापनाच्या संज्ञा वरवर सोप्या दिसतात. शंभर खाटांच्या रुग्णालयात तीस दिवसांत तीन हजार खाट-दिवस उपलब्ध असतात. त्यांतले २,४०० वापरले गेले तर बेड ऑक्युपन्सी ८० टक्के. याच २,४०० दिवसांत सहाशे रुग्ण घरी गेले, तर सरासरी मुक्काम चार दिवस. गणित चौथीचं आहे, अर्थ लावणं मात्र कठीण. सरासरी मुक्काम कमी झाला म्हणजे उपचार सुधारले, की पैसे संपल्यानं ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाणारे, वाढले? मृत्युदर घटला म्हणजे माणसं वाचली, की शेवटच्या तासात रुग्ण मोठ्या रुग्णालयात ‘रेफर’ झाले? रेफर झालेला रुग्ण ॲम्ब्युलन्समध्येच दगावला, तर तो कुणाच्याच दरात येत नाही. आकड्यावर बक्षीस किंवा कारवाई ठेवली, की आकडा सुधारतो. रुग्ण सुधारेलच असं नाही. केपीआय, म्हणजे कामगिरीचे निर्देशांक, ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या आकड्याला बगल देण्याच्या वाटा आधी वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरांना विचाराव्यात. त्यांना सगळ्या ठाऊक असतात.

विम्याच्या संज्ञा रुग्णाच्या सर्वांत जवळ येतात, कारण तिथं पैसा आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. शिधापत्रिका घेऊन आलेल्या रुग्णाला टेबलावर आरोग्यमित्र भेटतो. तो कागद तपासतो, नोंदणी करतो, आणि शस्त्रक्रियेच्या आधी मंजुरी मागवली जाते : प्री-ऑथ. शस्त्रक्रियेनंतर क्लेम जातो. मधेच ‘क्वेरी लागली’ असं कळतं, आणि नातेवाईक कागदांसाठी धावतात. या साखळीत प्रत्येक उपचाराला एक पॅकेज आणि त्याचा कोड असतो. कोड जितका महागाचा तितकी रक्कम मोठी, म्हणून आजार चढवून लिहिण्याचा मोह होतो; त्याला अपकोडिंग म्हणतात. म्हणजे ज्या कोडचा उगम मृत्यू मोजण्यासाठी झाला, त्याच जातीचा कोड आता बिलाची भाषा झाला आहे. पुढे एखादा संशोधक याच क्लेमच्या आकड्यांवरून ‘महाराष्ट्रात अमुक शस्त्रक्रिया वाढल्या’ असं लिहील, तेव्हा त्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

उरला हक्काचा भाग. सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाचा चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक, डॉक्टरांची नोंदवही, रुग्णालयांची नोंदवही आणि संमती हाताळणारी यंत्रणा असे भाग आहेत. यात सर्व नोंदी दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या कपाटात जमा होत नाहीत. नोंद जिथं तयार झाली तिथंच राहते, आणि रुग्णानं हो म्हटलं तरच ती मागणाऱ्याकडे जाते : कुठली नोंद, कशासाठी, किती काळ, हे त्या संमतीत लिहिलेलं असतं. आखणी चांगली आहे. प्रत्यक्षात ‘हो’ कोण म्हणतं? ओपीडीच्या रांगेत क्यूआर कोड स्कॅन केला की केसपेपर लवकर निघतो, ही सोय खरीच आहे. पण मागच्या लोकांचा धक्का बसत असताना, इंग्रजी पडद्यावर, मुलाच्या मोबाईलवर दाबलेल्या बटणाला संमती म्हणायचं का? कोविडच्या लसीकरणात आधार दाखवलेल्या अनेकांच्या नावे आरोग्य क्रमांक तयार झाला आणि त्यांना तो नंतर कळला. क्रमांक ऐच्छिक आहे, असं धोरण सांगतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमती मोकळी आणि समजून दिलेली असावी असं म्हणतो. रांगेच्या खिडकीवर हे मराठीत कुणी सांगायचं, ही जबाबदारी रुग्णालयाच्या व्यवस्थापकाची आहे, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही.

एक जुना हक्क मात्र याहून साधा आहे आणि त्याला ॲप लागत नाही. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की रुग्णाच्या केसपेपरच्या प्रती मागितल्यावर गुप्ततेची सबब सांगून त्या नाकारता येणार नाहीत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार आंतररुग्णाची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते आणि मागणी आल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. एमआरडीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हे दोन आकडे चिकटवलेले असावेत.

शेवटी व्यवस्थापकांसाठी दोन संज्ञा, ज्या बहुतेकदा संकट आल्यावर शिकल्या जातात. पहिली डाउनटाइम. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचं कामकाज काही दिवस हातानं चाललं : नोंदणी, चिठ्ठ्या, अहवाल, सगळं. तिथं कागदावर काम केलेली पिढी अजून होती. तुमच्या रुग्णालयात कोरे केसपेपर कुठल्या कपाटात आहेत, प्रयोगशाळेचा धोक्याचा अहवाल वॉर्डपर्यंत कोण पोचवणार, आणि यंत्रणा परत आल्यावर मधल्या दिवसांच्या नोंदी कोण चढवणार, हे आधी लिहून ठेवलेलं असेल त्यालाच डाउनटाइमची तयारी म्हणतात.

दुसरी व्हेंडर लॉक-इन. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा करार संपतो, पैशांवरून वाद होतो, कंपनी सेवा थांबवते, आणि तेव्हा ध्यानात येतं की पाच-सात वर्षांच्या रुग्णनोंदी अशा रूपात अडकल्या आहेत की त्या दुसऱ्या कुणालाच उघडता येत नाहीत. मग ओपीडीत पुन्हा छापील केसपेपर येतात. म्हणून निविदेचा मसुदा हाती आला, की किंमत आणि मॉड्युलांची यादी बाजूला ठेवून आधी बाहेर पडण्याचं कलम वाचावं : नोंदींची मालकी कोणाची, त्या कोणत्या प्रमाणित साच्यात परत मिळतील, किती दिवसांत, आणि त्यासाठी वेगळं शुल्क आहे का. फायर आणि स्नोमेडबद्दल वर जे लिहिलं, त्याची सर्वांत रोकडी गरज इथं लागते. विक्रेत्याचा माणूस ‘त्याची काळजी नको सर, ते आमच्याकडे सुरक्षित आहे’ असं म्हणाला, तर ते वाक्य त्याच्याकडून लेखी घ्यावं, आणि घेईपर्यंत सही करू नये.